२४/१९२ घेतलं, पण डॅकवर ४८च दिसतंय: 'काइंड ऑफ ब्लू'च्या हाय-रेझ आवृत्त्यांचं समस्या निवारण

फोन बहुतेक रविवारी सकाळी येतो. कधी कॉलेजचा मित्र, कधी त्याचा मेहुणा, कधी कुणाकडून तरी नंबर मिळालेला अनोळखी माणूस. तक्रार मात्र ठरलेली: "'काइंड ऑफ ब्लू' २४/१९२मध्ये विकत घेतलं, दोनेक जीबी डाउनलोड झालं, आणि वाजतंय अगदी जुन्या सीडीसारखं. डॅकवर ४८ दिसतंय. डॅक गेला का?"

डॅक, म्हणजे फाईलमधले आकडे आवाजात बदलणारा डबा, गेलेला नसतो. (२४/१९२ म्हणजे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ, सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने. साधी सीडी १६/४४.१ असते.) आजवर मी ज्यांच्या घरी जाऊन बसलो, त्यांच्यात खरोखर बिघडलेले डॅक दोनच निघाले. बाकी सगळीकडे फाईल आणि डॅक यांच्यामध्ये कुणीतरी लुडबूड करत होतं.

नवा डॅक आणला की पहिली खरेदी याच अल्बमची का होते, हे सांगायला नकोच. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं तो १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. पूर्वी तिथं चर्च होतं, उंच छताचं, आणि तो घुमारा टेपवर उतरलाय. पुढे एलपी, सीडी, सोन्याचा मुलामा दिलेली सीडी, १९९९ची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, हाय-रेझ आवाजाची तबकडी), २०१३चं २४/१९२ डाउनलोड अशी त्याची इतकी रूपं निघाली की घोळ होणारच.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कोणती, ते आधी ठरवा.

- फाईल १९२ची आहे, पण डॅकच्या पडद्यावर किंवा दिव्यावर ४४.१, ४८ किंवा ९६ दिसतं.
- १९२ दिसतं, पण मधूनमधून टिक-टिक होते किंवा अर्धा सेकंद आवाजच जातो.
- पहिले तीन ट्रॅक जरा चढे वाटतात. सोबत पेटी किंवा गिटार घेऊन बसलात तर सूर जुळत नाही.
- एसएसीडी प्लेयरमध्ये घातली की ओळखतच नाही, किंवा साधी सीडी म्हणून वाजते.
- मागे सतत 'सूऽऽ' असा आवाज, शांत जागी बारीक खडखड.
- एका बाजूचा आवाज मंद.

आधी बघा, हा दोष आहे तरी का

फुकटातली तपासणी हीच. सगळी केबल ओढून काढल्यावर ती आठवते, म्हणून इथे पहिल्या नंबरावर ठेवली.

'सूऽऽ' हा टेपचा हिस आहे. तीन ट्रॅकच्या टेपवर (इथं ट्रॅक म्हणजे टेपवरची आवाजाची समांतर पट्टी, गाणं नव्हे) १९५९मध्ये केलेलं काम आहे, हिस असणारच. उलट एखाद्या आवृत्तीत तो अजिबात ऐकू येत नसेल तर मला संशय येतो, कारण हिस धुऊन काढताना झांजेची झळाळीही थोडी धुतली जाते. खडखड आहे ती जिमी कॉबच्या स्नेअर ड्रमच्या तारांची. खोलीत बास वाजला की त्या तारा आपोआप थरथरतात. त्या दिवशीच्या टेपवर निर्माता याच आवाजाबद्दल कुरकुर करताना ऐकू येतो. तेव्हा त्यासाठी डॅक बदलू नका.

डावं-उजवं बरोबर आहे का, हे 'सो व्हॉट' या पहिल्या ट्रॅकच्या सोलोंवर कळतं. आधी मधोमध माइल्सचा ट्रम्पेट, मग डावीकडून कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, त्याच्यामागून उजवीकडून कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो सॅक्सोफोन. उलटं येत असेल तर कुठंतरी वायरी उलट्या लागल्यात. सगळे मधूनच येत असतील तर तुम्ही बहुधा मोनो आवृत्ती लावलीय. मोनो आवृत्ती वेगळी मिळते आणि चांगली आहे, पण स्टिरिओ समजून ऐकलीत तर संच बिघडल्यासारखा वाटतो.

एसएसीडीवरून आलेल्या डीएसडी फाईलींचा आवाज कमी वाटतो, हीही नेहमीची तक्रार. डीएसडीची (एसएसीडीच्या आवाज साठवायच्या पद्धतीची) पातळी पीसीएमपेक्षा (सीडी आणि २४/१९२ फाईलींच्या पद्धतीपेक्षा) बहुतेक वेळा ६ डेसिबलच्या आसपास खाली असते. व्हॉल्यूम वाढवा, झालं.

सूर चढा लागतोय: तानपुऱ्याची परीक्षा

यावर जरा जास्त थांबतो, कारण ही तक्रार खरी असते आणि कोणत्याही सेटिंगनं ती सुटत नाही.

२ मार्चच्या सत्रात मुख्य टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सगळंच थोडं जलद आणि थोडं चढं ऐकू येतं. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' हे पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक कित्येक दशकं चुकीच्या सुरात विकले गेले. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती ठीक होती. त्याच सत्रात जोडीला दुसरं मशीनही चालू होतं. त्याची टेप बरोबर वेगाची निघाली, आणि १९९२च्या सोन्याच्या सीडीत ती पहिल्यांदा वापरली गेली. १९९७मध्ये मूळ तीन ट्रॅकच्या टेपांवरून नवं मिश्रण झालं, तेव्हापासून दुरुस्त सूर हाच नेहमीचा झाला.

आता तपासणी. फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेलच. ४४०चं ट्यूनिंग ठेवून पांढरी दोन लावा आणि 'सो व्हॉट' सुरू करा. हा ट्रॅक डी डोरियनमध्ये आहे, म्हणजे आपल्या हिशेबात पांढरी दोनचा सा धरून काफी थाट: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आवृत्ती बरोबर असेल तर पॉल चेंबर्सचा बास तानपुऱ्यात अलगद बसतो. जुनी जलद आवृत्ती असेल तर पूर्ण वेळ काहीतरी कचकचत राहतं. सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा 'बार'च्या (बार म्हणजे इथं चार मात्रांचा गट) नंतर आठ बारांपुरता सगळा थाट अर्ध्या सुरानं वर, काळी दोनवर जातो. तिथं तानपुरा भांडणारच, घाबरू नका. आठ बार संपले की परत घरी.

सूर चढा निघाला तर फाईल कितीही मोठी असो, ती जुन्या एलपीवरून किंवा जुन्या टेपेवरून केलेली आहे. एका मित्रानं कुठूनतरी मिळवलेली २४/९६ फाईल मोठ्या कौतुकानं ऐकवली होती. पहिल्या मिनिटात सुईचे दोन चटके ऐकू आले आणि तानपुरा जुळेना. कुणीतरी आपली जुनी एलपी नेटानं ९६ किलोहर्ट्झवर भरली होती. त्या फाईलपेक्षा मी १९९७ची साधी १६/४४.१ सीडी केव्हाही घेईन.

दोन फाईलींची परीक्षा

'४८च दिसतंय'वाल्यांसाठी मी हीच एक युक्ती वापरतो. दोन फाईली घ्या. एक साधी सीडीवरून घेतलेली ४४.१ची, दुसरी १९२ची. एकामागून एक वाजवा आणि डॅकचा आकडा बघा. छोट्या डॅकना पडदा नसतो, पण दिव्याचा रंग बदलतो. कोणता रंग म्हणजे काय, ते खोक्यातल्या कागदावर असतं.

आकडा ४४.१ आणि १९२ असा बदलला तर वाट मोकळी आहे. दोन्ही वेळा ४८ दिसलं तर मध्ये कुणीतरी सगळं ४८ करून पाठवतंय. आणि दोन्ही वेळा १९२ दिसलं, तरी खूश होऊ नका. कुणीतरी संगणकाच्या सेटिंगमध्ये १९२ कायमचं ठोकलंय आणि सीडीचं संगीतही ताणून १९२ केलं जातंय. असल्या संचांचे मालक सगळ्यात समाधानी असतात, म्हणून त्यांना हे सांगणं जिवावर येतं.

ॲपची सेटिंगं

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आधी दर्जाचं सेटिंग बघा. वाय-फाय आणि मोबाइल डेटासाठी ते बहुतेक ॲपमध्ये वेगवेगळं असतं. माणसानं एक बदललेलं असतं, दुसरं राहिलेलं. मग इक्वलायझर, आवाज समान ठेवणारं नॉर्मलायझेशन, डॉल्बी, 'एन्हान्सर' नावाचं जे जे असेल ते बंद करा. यांतलं एकही चालू असेल तर मूळ आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत पोचत नाहीत. त्यातलं डॉल्बी कायम चालू असेल तर ॲप एखाद्या अल्बमचं वेगळंच मिश्रण वाजवू शकतं.

ब्लूटूथ

ब्लूटूथ हेडफोनवर १९२ ऐकताय असं कुणी म्हणालं की मी गणित मांडतो. २४/१९२ स्टिरिओ म्हणजे सेकंदाला ९२१६ किलोबिट. सीडी १४११. आणि ब्लूटूथवरचा चांगला समजला जाणारा एलडॅक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) अगदी भरात असला तरी ९९०. पाण्याची टाकी बारीक नळीतून रिकामी करायची तसा प्रकार. वायर लावा, किंवा ब्लूटूथवर छान ऐका आणि आकड्यांचा नाद सोडा. दोन्ही मार्ग सन्माननीय आहेत.

विंडोज, मॅक, फोन

लुडबूड करणारा बहुतेक वेळा इथंच सापडतो. विंडोजला ईमेलची घंटी, व्हिडिओ कॉल आणि माइल्स डेव्हिस हे सगळं एकाच नळातून सोडायचं असतं. म्हणून सगळ्यांना ते एका ठरलेल्या दरावर आणतं. तो दर साउंड सेटिंगमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली असतो, आणि कारखान्यातून तो बहुधा ४८ किंवा ४४.१ असतो. तो हातानं १९२ करून ठेवणं हा उपाय नव्हे, कारण वर सांगितलं ते. त्याच पानावर ॲपला डॅकचा पूर्ण ताबा घेऊ देण्याची चौकट असते, ती टिक करा. मग वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आउटपुट म्हणून 'वासापी एक्स्क्लुझिव्ह' किंवा 'आसिओ' निवडा. त्यानंतर ईमेलची घंटी वाजायची बंद झाली, तर समजा जमलं.

मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडून दर बघा. संगीताचं नेहमीचं ॲप प्रत्येक ट्रॅकप्रमाणे तो स्वतःहून बदलेल यावर विसंबू नका. आयफोनवर ४८च्या वर जायला बाहेरचा डॅक लागतोच. ॲपलचा छोटा पांढरा डोंगल ४८लाच थांबतो. बरेचसे अँड्रॉइड फोन सगळं ४८वर आणून पाठवतात असाच अनुभव आहे. तिथं स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आणणारं प्लेयर ॲप घेतलं की प्रश्न मिटतो. अशी ॲप काही शे रुपयांत मिळतात, आणि ती घेण्याआधी लोक काही हजारांची केबल घेऊन मोकळे होतात.

केबल, पोर्ट, हब

टिक-टिक आणि मध्येच जाणारा आवाज इथं पकडायचा. आधी हब काढा आणि डॅक सरळ संगणकाला लावा. एका घरी दर संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला टिक-टिक व्हायची. घरमालकांनी विजेच्या दाबापासून शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. मी टेबलाखाली वाकलो तर डॅक, वेबकॅम आणि प्रिंटर एकाच जुन्या हबला लटकलेले. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचे प्रिंट त्याच वेळी निघायचे.

हब काढून फरक पडला नाही तर केबल बदला. महाग नको, छोटी हवी. फोनच्या खोक्यातली काही केबल फक्त चार्जिंगची असतात, त्यांवर डॅक दिसतच नाही. ९६वर नीट आणि १९२वर टिक-टिक असेल तर प्लेयरमध्ये बफर वाढवून बघा आणि लॅपटॉपचं पॉवर सेव्हिंग बंद करा.

नेमकं ९६लाच अडत असेल तर दोन संशयित. एक, ऑप्टिकल केबल. बरीचशी उपकरणं तिच्यावरून ९६च्या पुढं भरवशानं जात नाहीत. दोन, डॅकवरचं यूएसबी १ आणि यूएसबी २चं बटण. यूएसबी ऑडिओची पहिली पद्धत ९६ला संपते. बटण २वर न्या. विंडोज १०मध्ये दुसऱ्या पद्धतीचा ड्रायव्हर २०१७पासून आतच आहे. त्याहून जुनं विंडोज असेल तर डॅकच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकावा लागतो.

फाईल खरी आहे का

ही तपासणी इतकी उशिरा, कारण फाईल खोटी असण्यापेक्षा सेटिंग चुकलेलं असण्याची शक्यता मोठी. 'स्पेक' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. फाईल त्यात टाकली की ध्वनीचं चित्र दिसतं: आडवा वेळ, उभी वारंवारता.

'सो व्हॉट' टाका आणि दीड मिनिटाच्या आसपास बघा. माइल्सचा सोलो सुरू होतो तिथं जिमी कॉब झांजेवर एक ठोका देतो आणि तो बराच वेळ विरत राहतो. चित्रात तिथं एक उभी उजळ रेघ दिसते. खऱ्या हाय-रेझ फाईलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या वरही काहीतरी असतं, निदान टेपच्या हिसचं धुकं. सीडीवरून ताणून १९२ केलेल्या फाईलमध्ये २२च्या जवळ सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर काळोख. असं दिसलं तर विक्रेत्याकडे पैसे परत मागा आणि चित्र जोडा.

उलटी चूकही करू नका. एसएसीडीवरून आलेल्या फाईलींत वरच्या भागात धुकं दाट होत जातं. तो डीएसडी पद्धतीचा स्वतःचा नॉइज आहे, संगीत नव्हे. अशा फाईलींचा दर बहुधा ८८.२ किंवा १७६.४ असतो, कारण डीएसडीचा २.८२२४ मेगाहर्ट्झ हा दर ४४.१च्या बरोबर ६४ पट आहे. तेव्हा डॅकवर १७६.४ दिसलं तर १९२ का नाही म्हणून भांडू नका.

आणि हे सगळं करूनही फरक ऐकू येत नसेल तर? मलाही पुष्कळदा येत नाही. पन्नाशी ओलांडली, माझे कान १२ किलोहर्ट्झच्या आसपास दुकान बंद करतात. आवृत्त्यांमध्ये जो फरक मला सहज ऐकू येतो तो टेप कोणती, मिश्रण कुणाचं, आवाज किती फुगवलाय याचा असतो.

एसएसीडी

हायब्रिड एसएसीडीत दोन थर असतात. साधा प्लेयर त्यातला सीडीचाच थर वाचतो, म्हणून ती 'वाजते', पण सीडी म्हणून. सुरुवातीच्या काही एसएसीडी मात्र एकाच थराच्या होत्या, त्या साध्या प्लेयरमध्ये मुळीच चालत नाहीत. संगणकाचा डिस्क ड्राइव्ह तो थर वाचत नाही. खरा एसएसीडी प्लेयर असेल तरी कोएक्सियल किंवा ऑप्टिकलमधून डीएसडी बाहेर पडत नाही. ॲनालॉग आउटपुट वापरा किंवा एचडीएमआय.

इथं थांबा

प्लेयरची एसएसीडी वाचायची क्षमता गेली असेल तर लेन्स पुसण्यापलीकडं जाऊ नका. लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून बघण्याचे व्हिडिओ असतात. त्यांनी आतापर्यंत माझ्या माहितीतले दोन प्लेयर कायमचे झोपवले, शिवाय लेझर डोळ्याला धोक्याचा. फर्मवेअर अपडेट अर्ध्यात अडकलं असेल तर पुन्हा पुन्हा लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

ॲम्पमधून जळका वास, फुगलेला कपॅसिटर, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही मोठी घूं: बंद करा, प्लग काढा, झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज साठलेली राहते. डॅकच्या किंवा लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येत असतील तर ऑडिओवाला नको, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि घराची अर्थिंग तपासून घ्या. घूं घालवायला तीन पिनी प्लगची जाड पिन तोडणारे महाभाग आहेत. घूं जाते, आणि पुढं कधीतरी माणूसही.

शेवटची तक्रार एका बाजूच्या मंद आवाजाची. केबल उलट लावली, बॅलन्स बघितला, तरी तीच बाजू मंद असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. मंदपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या कानावर गेला तर हेडफोन दुरुस्तीला. त्याच कानावर राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टर. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा, उपचारात उशीर चालत नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी या एका तक्रारीपायी नवी केबल आणि दुसरा हेडफोन घेतला होता. मी हेडफोन उलटा घालायला लावला, मंदपणा उजव्या कानातच राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दहा मिनिटांत मळ काढला. संध्याकाळी काकांचा फोन: "अरे, उजवीकडं आणखी एक सॅक्सोफोनवाला आहे की!"